दाढेचे मूळ आणि ज्ञानतंतूची वाट

मनुष्यास ३२ दात असतात, हे आपण बालपणी पाठ करतो; परंतु त्यांपैकी शेवटचे चार इतरांसारखे वेळेवर हजर होणारे नव्हेत. शाळा सुटते, मिसरूड फुटते, एखाद्याचे लग्नही ठरते, तरी ते हिरडीखाली निजलेलेच असतात. साधारणतः १७ ते २५ ह्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे माणसास थोडीफार समज यावी अशा वयात, ते डोके वर काढू लागतात. म्हणूनच आपल्या भाषेने त्यांस ‘अक्कलदाढ’ असे नाव दिले. कित्येकांच्या जबड्यात ह्या दाढा मुळी घडतच नाहीत. तथापि अशा मंडळींची अक्कल इतरांहून उणी असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. उलट ह्या दाढेविषयी आम्हांस जी काही अक्कल आली, ती आमची स्वतःची दाढ येऊन चाळीस वर्षे लोटल्यानंतर, आणि तीही दुसऱ्याच्या दुखण्याच्या मोलाने आली. ती हकीगत आणि तिच्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या धाकट्या सूनबाई उत्तम बासरी वाजवतात. माहेरी वडिलांपाशी शिकल्या. येथे आल्यावरही त्यांनी नेम सोडला नाही. एके दिवशी सकाळी बासरी ऐकू आली नाही. चौकशी करता कळले, की खालच्या उजव्या बाजूस अगदी मागे हिरडी सुजली आहे, तोंड पुरते उघडत नाही आणि घास गिळताना कानापर्यंत कळ जाते. घरात वडीलधारे आम्ही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! “अक्कलदाढ येते आहे, दुसरे काही नाही. लवंग धरा, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरा, चार दिवसांत उतरेल,” असे सांगून आम्ही मोकळे झालो. आणि खरोखरच चार दिवसांत उतरले! त्यामुळे आमच्या वैद्यकीला उगीच मान मिळाला. दोन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, पुन्हा लवंग. पुढे कळ येईनाशी झाली तरी एक मंद ठणका राहिला, तोही लवंगेच्या तेलाने दबून जाई. अशी सात-आठ महिने गेली. ह्या लवंगेने काय केले ते पुढे सांगू.

हे दुखणे आजकालचे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा अध्याय आहे. त्यात ‘अधिमांसक’ नावाचा एक विकार वर्णिला आहे: हनूच्या, म्हणजे जबड्याच्या, सर्वांत मागच्या दाताशी मोठी सूज येते, वेदना फार होतात आणि लाळ गळते. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची जी झडप राहते, तिच्याखाली अन्नाचे कण अडकून ती सुजते, तेव्हा आजचे दंतवैद्य जे लक्षण सांगतात ते ह्याहून निराळे नाही. त्याच अध्यायात ‘वर्धन’ म्हणून आणखी एक विकार येतो. त्यात वाताच्या योगाने जादा दात तीव्र वेदनेसह उगवतो, आणि तो वर आल्यावर वेदना शमते. प्राचीनांची निरीक्षणशक्ती किती बारीक होती ते यावरून दिसते.

परंतु त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात दुसरा एक इशारा आहे, आणि त्याची छाया आमच्या माजघरापर्यंत पोहोचलेली आम्ही पाहिली. वरचा दात हालत असला तरी वैद्याने तो उपटू नये. अतिरक्तस्राव होऊन मनुष्य एका डोळ्याने अधू होतो किंवा त्यास अर्दित, म्हणजे तोंड वाकडे होण्याचा रोग, जडतो, असे तेथे म्हटले आहे. आमच्या मातुःश्रींनी ग्रंथ पाहिला नव्हता, पण समजूत तीच. “दाढ उपटली की डोळा जातो. पोरीच्या दाढेला हात लावू देऊ नका,” असे त्यांचे निक्षून सांगणे. रक्त थांबवण्याची आणि जखम निर्जंतुक ठेवण्याची आजची साधने नव्हती त्या काळी असा इशारा देणे शहाणपणाचेच होते. आज मात्र त्यावर विसंबून दुखणे अंगावर काढणे योग्य नव्हे. डोळ्याची भीती का निराधार आहे आणि खरी जपण्याची वस्तू कोणती, हे कळण्यासाठी जबड्याच्या आत थोडे डोकावले पाहिजे.

मेंदूपासून ज्ञानतंतूंच्या १२ जोड्या थेट निघतात. त्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची, पाचवी चेहऱ्याच्या संवेदनेची आणि सातवी चेहऱ्याच्या हालचालींची. दृष्टीचा तंतू डोळ्याच्या मागून परस्पर मेंदूकडे जातो. दाढेशी त्याचा काही संबंध येत नाही. दातांचा संबंध पाचवीशी. हिच्या तीन शाखा होतात: एक कपाळाकडे, दुसरी गालाकडे व वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. वाचकांनी आरशासमोर उभे राहून पुढे पाहावे आणि बुबुळाच्या मध्यातून एक उभी रेषा खाली ओढली आहे अशी कल्पना करावी. भुवईजवळ, डोळ्याच्या खोबणीच्या थोडे खाली आणि हनुवटीच्या बाजूस, अशा तीन ठिकाणी ह्या तीन शाखांचे तंतू हाडातून चेहऱ्याच्या कातडीकडे बाहेर पडतात, आणि ती तिन्ही ठिकाणे बहुधा ह्याच एका रेषेवर येतात.

आपल्याला काम आहे ते तिसऱ्या शाखेशी. कवटीच्या तळाच्या एका छिद्रातून ती खाली उतरते. तिचा एक फाटा खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूस, जिभेच्या अंगाला, असलेल्या छिद्रातून हाडात शिरतो. तेथून पुढे त्याला हाडाच्या पोटात एक नलिका मिळते. ह्या नलिकेची रुंदी सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याहूनही कमी. तिच्यातून ज्ञानतंतू एकटा जात नाही. सोबत एक रोहिणी आणि एक नीलाही असते. दाढांच्या मुळांखालून जाताना हा तंतू प्रत्येक दाढेला बारीक धागे देत जातो. उपदाढांच्या सुमारास त्याचे दोन भाग होतात. एक हाडातच पुढे राहून समोरच्या दातांकडे जातो. दुसरा हनुवटीच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडून खालचा ओठ, हनुवटी आणि पुढची हिरडी ह्यांना स्पर्शज्ञान देतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ह्या नलिकेतील तंतू संवेदनेचा आहे, हालचालीचा नव्हे. ओठ हलवणे हे सातव्या जोडीचे काम. म्हणून ह्या तंतूस इजा झाली तर तोंड वाकडे होत नाही. ओठ हलतो, बोलता येते, हसता येते. परंतु ओठाला काही कळत नाही. चहा ऊन आहे की कोमट, ओठावर शीत चिकटले आहे की नाही, दाताखाली ओठ चावला जातो आहे की काय, ह्याची वार्ताच मेंदूकडे जात नाही. वरवर पाहणाऱ्यास माणूस धडधाकट दिसतो. बासरी वाजवणाऱ्याचा खालचा ओठ तर मुखरंध्राच्या काठावर टेकलेला असतो, आणि केसभर सरकला तरी सूर बिघडतो. ही सूक्ष्म जागा डोळ्यांना दिसत नाही. ती ओठालाच कळावी लागते.

आता प्रश्न असा, की निसर्गाने दाढेची मुळे आणि इतका मोलाचा तंतू एकमेकांच्या इतके जवळ का ठेवले? ह्याचे उत्तर वाढीच्या क्रमात आहे. गर्भावस्थेत सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास खालच्या जबड्याचे हाड धरू लागते, तेव्हा ज्ञानतंतू तेथे आधीच असतो. हाड त्याच्या भोवती घडते. विटा रचताना आधीपासून वाहणाऱ्या पाटाला वाट ठेवावी लागते, तसाच हा प्रकार. अक्कलदाढ फार मागाहून येते. तिचे शिखर १२ ते १६ वर्षांच्या दरम्यान घडून पुरे होते आणि मुळे तर त्यानंतर, १८ ते २५ वर्षांपर्यंत, खाली वाढत राहतात. म्हणजे तंतू प्रथम, हाड नंतर आणि अक्कलदाढेचे मूळ सर्वांत शेवटी. दाढ सरळ वर आली तर मुळे तिच्याबरोबर वर सरकतात व अंतर राहते. परंतु जबड्यात जागा अपुरी पडली, आणि दाढ पुढच्या दाढेला टेकून तिरपी अडकली, तर ती वर जात नाही आणि मुळे मात्र खालीच वाढतात. अशा वेळी मूळ आणि नलिका ह्यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा उरतो. कधी तोही उरत नाही. कधी मुळावर नलिकेची पन्हळ उमटते. क्वचित दोन मुळांच्या मधूनच तंतू गेलेला आढळतो.

शेवटी आम्ही सूनबाईंना दंतवैद्याकडे नेले ते त्यांच्या चिरंजीवांच्या हट्टामुळे. “आजोबा, आईची बासरी कधी?” हा त्याचा रोजचा प्रश्न आम्हांस टोचू लागला होता. दंतवैद्य बाईंनी तोंड पाहिले आणि सगळ्या जबड्याचे क्ष-किरण चित्र काढले.

ह्या चित्रांचाही इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीत राँटगेन ह्यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, आणि पुढच्याच जानेवारीत, १८९६ साली, ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ ह्यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. आज काही सेकंदांत, डोक्याभोवती यंत्र फिरून, कानापासून कानापर्यंतचा सबंध जबडा एका पट्टीवर उमटतो. परंतु चित्र कितीही स्पष्ट असले तरी ती छायाच. रात्री दिव्यासमोर दोघे उभे राहिले आणि भिंतीवर त्यांच्या छाया एकमेकींवर पडल्या, तर ते दोघे एकमेकांस चिकटून उभे आहेत की त्यांच्यात हातभर अंतर आहे, हे भिंतीकडे पाहून सांगता येत नाही. मूळ आणि नलिका ह्यांचे तसेच.

तरी छायेतही खुणा असतात. निरोगी नलिकेच्या वरखाली चित्रात दोन पांढऱ्या रेघा दिसतात. त्या तिच्या हाडाच्या भिंती होत. १९९० साली रूड आणि शेहाब ह्या दोन शल्यवैद्यांनी अशा सात खुणा तपासून प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी तीन इजेशी विशेष निगडित आढळल्या: नलिकेवरून जाणारे मूळ तेवढ्याच जागी काळवंडलेले दिसणे, नलिकेची पांढरी रेघ तेथे तुटणे आणि नलिकेने मुळापाशी वळण घेणे. सूनबाईंच्या चित्रात ह्यांपैकी दोन होत्या. दाढ तिरपी, पुढच्या दाढेवर टेकलेली. मूळ मध्येच काळसर. वरची रेघ खंडित.

बाईंनी मग त्रिमितीय चित्र काढण्यास सांगितले. शंकूच्या आकाराच्या किरणांनी घेतलेल्या ह्या चित्रास ‘सीबीसीटी’ म्हणतात. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस ते दंतवैद्यकात रुजले. त्यात जबड्याचे पाव कापावा तसे पातळ काप पाहता येतात. साध्या चित्राहून ह्यात किरणांची मात्रा अधिक असल्यामुळे ते सरसकट काढावयाचे नसते. छायेत धोक्याची खूण दिसली तरच काढावयाचे. ह्या कापांत शंका फिटली. नलिका मुळाच्या जिभेकडील बाजूस होती, मध्ये हाड नव्हते आणि मुळाच्या दाबाने ती तेथे चपटी झाली होती.

आता उपाय कोणते, ते बाईंनी मांडले. पहिला, काहीच न करणे. दाढ पुरती हाडात झाकलेली असेल आणि त्रास देत नसेल तर हाच उत्तम. दुसरा, दाढ संपूर्ण काढणे. अशा शस्त्रक्रियेनंतर ओठ कायमचा बधिर राहण्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत शंभरात एकाहून कमी असते, तात्पुरते बधिर होण्याचे त्याहून अधिक. आणि मूळ नलिकेस भिडलेले असेल तर दोन्ही वाढतात. तिसरा उपाय आम्ही प्रथमच ऐकला. दाढेचे शिखर तेवढे कापून काढावयाचे आणि मुळे जागच्या जागी ठेवून वर हिरडी शिवून टाकावयाची. १९८४ साली फ्रेंच भाषेतील एका लेखात ही रीत मांडली गेली. ‘कोरोनेक्टमी’ असे तिचे नाव. मुळाला हातच लावावयाचा नाही, म्हणून तंतूला धक्का लागण्याचा संभव पुष्कळच कमी. मागे राहिलेली मुळे बहुधा निमूट राहतात. काही थोडी वर, नलिकेपासून दूर, सरकतात, आणि पुढे कधी काढावी लागली तरी तेव्हा धोका कमी झालेला असतो.

“मग तेच करा,” आम्ही घाईने म्हणालो. बाईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि चित्रातील दाढेच्या शिखरावर बोट ठेवले. तेथे एक काळी पोकळी होती. कीड वरून आत शिरून दाढेच्या गरापर्यंत गेली होती आणि मुळाच्या टोकाशी पू धरल्याची छाया होती. मुळे मागे ठेवावयाची तर ती निरोगी असली पाहिजेत. कुजलेले मूळ वर हिरडी शिवून बंद करणे म्हणजे चोर घरात कोंडून बाहेरून कुलूप लावणे होय.

“सहा महिन्यांपूर्वी आला असता तर कदाचित हा मार्ग मोकळा होता,” बाई शांतपणे म्हणाल्या. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते दातातील तंतू तात्पुरते बधिर करते, आणि म्हणून आजही दंतवैद्यकात त्यास स्थान आहे. परंतु ते कीड थांबवत नाही. आमच्या लवंगेने रोग बरा केला नव्हता, फक्त त्याची ओरड बंद केली होती. आग लागली असता घंटेला चिंधी बांधावी, तसे झाले. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

संमतिपत्र पुढे आले तेव्हा आम्ही सवयीने हात पुढे केला. बाईंनी कागद सूनबाईंकडे दिला. “ओठ त्यांचा आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. सूनबाईंनी कागद दोनदा वाचला. बासरीविषयी विचारले. बाईंनी खोटा धीर दिला नाही. ओठ काही काळ बधिर राहण्याचा संभव बराच आहे, कायमचा राहण्याचा थोडा आहे, आणि दाढ तशीच ठेवली तर पू पसरून जिवावर बेतू शकते, असे स्पष्ट सांगितले. सूनबाईंनी आमच्याकडे वळून विचारले, “मामंजी, आपल्याला काय वाटते?” ज्याच्या सल्ल्याने हे झाले त्यालाच पुन्हा सल्ला विचारण्याचा हा मोठेपणा आम्हांस पेलवला नाही. “तुम्ही ठरवाल ते,” असे म्हणून आम्ही बाहेर जाऊन बसलो. त्यांनी सही केली.

शस्त्रक्रियेपूर्वी जे बधिर करण्याचे इंजेक्शन देतात ते ह्याच तंतूला, तो हाडात शिरतो त्या छिद्रापाशी देतात. म्हणून अर्धा जबडा आणि अर्धा ओठ एकदम झोपी जातो. १८८४ साली न्यूयॉर्क येथे विल्यम हाल्स्टेड आणि रिचर्ड हॉल ह्यांनी हा प्रयोग प्रथम केला, तो कोकेन वापरून. त्या प्रयोगांच्या पायी हाल्स्टेड ह्यांना स्वतःला कोकेनचे व्यसन जडले. पुढे १९०५ साली नोव्होकेन प्रचारात आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन ह्यांनी लिग्नोकेन सिद्ध केले. आज आपल्याकडे बहुधा तेच वापरतात. त्याने ओठ दोन-चार तास बधिर राहतो. तेवढ्याने घाबरू नये. मात्र दुसऱ्या दिवशीही ओठ जागा झाला नाही तर डॉक्टरांस कळवावे.

बाईंनी दाढ अखंड ओढली नाही. तिचे शिखर आणि मुळे वेगळी करून, एकेक तुकडा नलिकेपासून दूर वळवत काढला. जखम चांगली भरली. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या बाजूचा अर्धा ओठ आणि हनुवटी जागी झाली नव्हती.

अशा इजेचे तीन प्रकार ब्रिटिश शल्यवैद्य सेडन ह्यांनी १९४३ साली सांगितले. पहिल्यात तंतू अखंड असतो, फक्त दाबाने त्याचे काम बंद पडते. काही आठवड्यांत तो पूर्ववत होतो. दुसऱ्यात तंतूच्या आतले धागे तुटतात, पण बाहेरील आवरण शाबूत राहते. आवरणाच्या आतून धागे पुन्हा वाढत जातात. तिसऱ्यात तंतू आवरणासह तुटतो, आणि तो आपोआप बरा होण्याची आशा फारशी नसते. धाग्यांची वाढ दिवसास सुमारे एक मिलिमीटर. अक्कलदाढेपासून ओठापर्यंतची वाट सहा-सात सेंटिमीटरांची. गणित सोपे आहे, पण ते दिवस मोजणे सोपे नव्हे.

बाईंनी एक काम नेमून दिले. दर रविवारी डोळे मिटून बसावयाचे. दुसऱ्याने कापसाच्या वातीचे टोक हनुवटीपासून ओठाकडे फिरवावयाचे, आणि जेथे स्पर्श कळतो तेथे खूण करून वहीत आकृती काढावयाची. हे काम नातवाने पत्करले. पहिल्या तीन रविवारी आकृती बदलली नाही. त्या काळात सूनबाईंच्या ओठावर भाताचे शीत राहिले की मुले हसत, आणि एकदा ऊन चहाने ओठ पोळला तो दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळला. मुलांस आम्ही दटावले. बासरी पेटीत होती. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि तेच आम्हांस अधिक जड गेले.

चौथ्या आठवड्यात ओठात मुंग्या येऊ लागल्या. मातुःश्री घाबरल्या, बाई मात्र हसल्या, कारण मुंग्या हे तंतू जागा होत असल्याचे लक्षण होय. पुढे वहीतील बधिर भाग दर रविवारी थोडा आकसत गेला. अकराव्या आठवड्यात नातवाने कापूस फिरवला तेव्हा दोन्ही बाजूंत फरक उरला नव्हता.

आता ह्या अनुभवातून कुटुंबवत्सल वाचकांस उपयोगी पडेल तेवढे सांगतो. प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. इंग्लंडमधील शासकीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २००० साली निरोगी अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत असे सुचविले होते. परंतु निरोगी आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये. हिरडी एकदा सुजली तर दाखवावे, दोनदा सुजली तर चित्र काढल्याशिवाय राहू नये. लवंग रात्र काढण्यासाठी आहे, वर्ष काढण्यासाठी नव्हे. वय वाढते तसे हाड कठीण होते आणि शस्त्रक्रियाही अवघड होते, म्हणून काढावयाचीच असेल तर उगीच लांबणीवर टाकू नये. सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा जिभेखालचा भाग सुजून श्वासास अडथळा वाटू लागला, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वडील मंडळींसाठीही दोन शब्द. हल्ली पडलेल्या दातांच्या जागी धातूचे खिळे बसवून कृत्रिम दात लावतात. तोही खिळा ह्याच हाडात उतरतो. दात गेल्यानंतर हाड झिजून नलिका वर आल्यासारखी होते, म्हणून आधी चित्रावर मोजमाप करून खिळ्याचे टोक आणि नलिका ह्यांमध्ये सामान्यतः दोन मिलिमीटर तरी अंतर राखतात. हे मोजमाप झाले आहे का, असे विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि दाताचे काहीच केलेले नसताना ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर ते दुसऱ्याच एखाद्या गंभीर रोगाचे पहिले लक्षण असू शकते. ‘वायू झाला असेल’ म्हणून ते सोडून देऊ नये.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याची. घरातील सुना आणि मुले आपला शब्द मानतात, हे आपले भाग्य. परंतु त्यामुळेच तो शब्द उच्चारण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे. आमचा शब्द मोडून सूनबाई पहिल्याच महिन्यात दंतवैद्याकडे गेल्या असत्या, तर त्यांना अकरा आठवडे भोगावे लागले नसते. त्यांनी तो मोडला नाही. दोष मानणाऱ्याचा नव्हे, सांगणाऱ्याचा.

असो. गेल्या दिवाळीपूर्वीच्या एका पहाटे आम्ही संध्येस बसलो असता माजघरातून बासरी ऐकू आली. प्रथम एकच सूर, लांबवलेला. मग थांबून पुन्हा तोच. ओठ आपली जुनी जागा शोधीत असावा. मातुःश्रींनी आतून विचारले, “सापडली का ग?” थोड्या वेळाने दुसरा सूर लागला. आम्ही संध्या पुरी केली, आणि उठून फडताळातील लवंगेच्या तेलाची बाटली दंतवैद्य बाईंचा पत्ता लिहिलेल्या कागदात गुंडाळून परत जागेवर ठेवली. ह्यापुढे जो कोणी बाटली काढील, त्याच्या हाती आधी तो पत्ता लागेल.